काठी की पाणी?

मोखेथीच्या बायकोचं पहिलं बाळंतपण माहेरी, लेसोथोच्या डोंगरातल्या गावी. ‘बाळ आलंय, निघ,’ एवढाच निरोप. मुलगा झाला तर बापाच्या पाठीत काठी, मुलगी झाली तर अंगावर बादलीभर पाणी. तोंडानं सांगायचं नाही, अशी रीत. त्याला लेक हवी होती. पावसात टॅक्सी चारदा रुतली, चारदा त्यानंच ढकलली. ‘काठीच बसणार तुला!’ ड्रायव्हर चिडवत होता. धुक्यात सासऱ्यांचं घर दिसलं आणि दाराशी टेकवलेली काठीही. मोखेथी हिरमुसला. ओलीचिंब पाठ वाकवून अंगणात उभा राहिला. पावसाची जोरदार सर आली. मग आणखी एक. ‘आता मारा की, गारठलोय!’ तो कुरकुरला. मागे मेहुणी खिदळली. ‘दाजींना कळेना गं आई!’ ‘मग चुलीवरचं घे,’ आतून सासू म्हणाली. पुढची सर कोमट होती. मोखेथी ताडकन सरळ झाला. ‘अजून ओता, अजून!’