ठावठिकाणा

चंद्राबाईनं कडी वाजवली आणि एक पायरी खाली उतरून उभी राहिली. आतून कुणीतरी दबक्या आवाजात कन्नडमध्ये विचारलं, "यारू?" कोण आहे?

आवाज कस्तुरीचा होता. दोन वर्षांनी ऐकला, तरी ओळखायला क्षणही लागला नाही.

"मी हाय गं. आई."

वरची कडी निघाली, मग खालची. दार चार बोटं उघडलं, कस्तुरीनं आधी आईच्या पाठीमागचा जिना पाहिला आणि मगच आईकडे पाहिलं. तिच्या कडेवर सहा-सात महिन्यांची मुलगी होती.

बंगळुरात बसवनगुडीतल्या त्या गल्लीच्या तोंडाशी जीप उभी होती. जीपमध्ये चंद्राबाईचा धाकटा मुलगा खंडोजी आणि त्याचे दोन चुलतभाऊ होते. रात्रभर गाडी हाकत ते निपाणीहून आले होते. गेल्या महिन्यात इथल्या शेंगांच्या जत्रेत निपाणीच्या एका तंबाखूच्या दलालानं कस्तुरीला पाहिलं होतं आणि मागोमाग जाऊन घरही हेरलं होतं. ती फक्त आईलाच दार उघडेल, हे खंडोजीला ठाऊक होतं. म्हणून आईला आणलं होतं. काय बोलायचं तेही पढवलं होतं.

"तुझं आप्पा खाली जीपमंदी हाईत," चंद्राबाई म्हणाली. "छातीत दुखतंय त्यांच्या. मोठ्या दवाखान्यात आणलंय. तुला एकदा बघायचं म्हणत्यात."

आप्पाजी निपाणीत घरीच होते. त्यांना काहीही झालं नव्हतं.

कस्तुरीनं एकही प्रश्न विचारला नाही. मुलीला सतरंजीवर ठेवलं, पदर सारखा केला आणि घाईघाईनं बोलत राहिली. नवरा, मंजुनाथ, बोम्मसंद्र्याला कारखान्यात जातो, पहिल्या पाळीला. ही तिसरी खोली. पहिल्या मालकानं जात विचारली, यांनी खरी सांगितली, आठ दिवसांत सामान बाहेर. दुसरीकडे पाण्याच्या नळावरून कुजबुज सुरू झाली. इथे अजून कुणी विचारलं नाही. मंजुनाथ गावकुसाबाहेरच्या वस्तीतला होता, कॉलेजात तिच्यापुढे एक वर्ष. दोघं पळून गेल्यावर त्याच्या आईबापांना गावातून उठवलं, तेव्हा आप्पाजीच पुढे होते. त्याबद्दल ती अवाक्षर बोलली नाही.

"आप्पांना हिला दाखवू का गं? रागावतील?" तिनं मुलीला पुन्हा उचललं आणि पायात चप्पल सरकवली.

चंद्राबाई तिच्या पायांकडे बघत राहिली. निघताना खंडोजीनं आईच्या गळ्याची शपथ घेतली होती. नुसती घरी न्यायची, चार शब्द सुनावायचे, बाकी काही नाही. तिनं विश्वास ठेवला होता. पहाटे तुमकूरपाशी जीप खड्ड्यात आदळली आणि सीटखालचं पोतं सरकलं. आत उसाचे कोयते होते. नवे, धार लावलेले. खंडोजीनं पायानं पोतं मागं ढकललं.

कस्तुरी उंबऱ्यापर्यंत आली. चंद्राबाईनं तिचं मनगट धरलं.

"चप्पल काढ."

"काय झालं?"

"खाली येऊ नगंस. आप्पा न्हाईत खाली. खंडू हाय."

कस्तुरीनं मुलीला छातीशी आवळलं. मुलगी रडायच्या बेतात आली, तशी चंद्राबाईनं तिच्या पाठीवर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला.

"कड्या लाव. जावई आलं की खोली सोडा, आजच."

"कुठं जायचं, आई? आमच्या ओळखीचे एक होसूरला—"

"मला सांगू नगंस!" चंद्राबाई जवळजवळ ओरडलीच. मग आवाज खाली आणून म्हणाली, "कधीच सांगू नगंस. कागुद धाडू नगंस. मला ठावंच नसलं तर माझ्याकडनं काढून कोण घेणार?"

तिनं स्वतःच दार ओढून घेतलं. आतून दोन्ही कड्या लागल्याचा आवाज येईपर्यंत ती थांबली.

वेळ लागला म्हणून खंडोजी गल्लीतून जिन्याकडे येत होता. चंद्राबाई तळच्या पायरीवर मटकन बसली. जिना एका माणसापुरता अरुंद होता. तिला ओलांडल्याशिवाय वर जाता आलं नसतं.

"न्हाई ती," ती म्हणाली. "वर दुसरं बिऱ्हाड हाय. त्या बाई म्हणाल्या, गेली ती. तापानं. परवाच्या मंगळवारी." पुढचं बोलताना तिची जीभ अडखळली. "लेकरूबी गेलं. त्यो खोली सोडून कुठं गेला, कुणाला ठावं न्हाई."

खंडोजीनं जिन्याची भिंत धरली. "आक्का," एवढंच म्हणाला आणि लहान पोरासारखा हुंदके देऊ लागला. याच आक्कानं त्याला पाटीवर पहिलं अक्षर गिरवायला शिकवलं होतं. चंद्राबाईच्या ओठांवर खरं आलं. आत्ता सांगितलं तर पोरगा धावत वर जाईल, बहिणीच्या गळ्यात पडेल, असं तिला वाटलं.

खंडोजीनं बाहीनं डोळे पुसले.

"बरं झालं, आई. माझ्या हातनं व्हायचं टळलं."

चंद्राबाईनं ओठ मिटले. हात पुढं केला आणि म्हणाली, "उठव मला. घरी चल."

निपाणीला पोचल्यावर आप्पाजींनी बातमी ऐकली आणि भिंतीकडे तोंड करून बसले. भावकीतल्या बायका जमल्या, कुणीतरी न्हाणीत पाणी काढलं. चंद्राबाई सगळ्यांच्या देखत उठली आणि आपल्या जिवंत लेकीच्या नावानं आंघोळ केली.