रोज थोडे थोडे

यंत्राने कार्ड बाहेर ढकललं. पडद्यावर दोन ओळी उमटल्या, पण लिफ्टवाल्याला त्यातली एकही वाचता येईना. परदेशात येऊन वर्ष होत आलं तरी त्याने पैसे काढायची बटणं तेवढी पाठ केली होती. भाषेच्या वाटेला तो गेलाच नव्हता.

मागे रांगेत कुणीतरी घसा खाकरला. लिफ्टवाल्याने बोटं शर्टाला पुसली. मघाशी घाईत पिन चुकला असेल. तापातून नुकत्याच उठलेल्या माणसाचा काय भरवसा, स्वतःचं नाव विचारलं तरी चाचरायचा. या वेळी त्याने एकेक आकडा पुटपुटत दाबला. कार्ड परत बाहेर. तिसऱ्यांदा चुकलं तर यंत्र कार्ड गिळतं असं त्याने ऐकलं होतं. तो मुकाट्याने रांगेतून बाजूला झाला.

पैसे तर आजच हवे होते. घरमालकीण भाडं रोखच घ्यायची, आणि आधीच ते थकलं होतं. आज संध्याकाळपर्यंत दिलं नाही तर सामान जिन्यात ठेवीन, असं ती सकाळी दारात उभी राहून हातवारे करून सांगून गेली होती. तेवढी भाषा मात्र त्याला लगेच कळली. पायात अजून त्राण नव्हतं. अशा अंगाने बॅग घेऊन जायचं कुठे?

त्याने भिंतीला टेकून आपल्या देशातल्या बँकेला फोन लावला. बराच वेळ नुसतं संगीत वाजत राहिलं. तो फुटपाथवर येरझारा घालू लागला. चार पावलं गेला की धाप लागायची, थांबून पुन्हा चालू लागायचा. शेवटी एक मुलगी बोलली. तिने त्याची जन्मतारीख विचारली, आईचं नाव विचारलं आणि मग शांतपणे म्हणाली, "सर, तुमचा पिन बरोबर आहे. कार्ड बंद केलेलं आहे."

"कोणी बंद केलं?"

"खातं तुमच्या दोघांच्या नावावर आहे ना? तुमचे वडील काल स्वतः शाखेत येऊन अर्ज देऊन गेलेत."

लिफ्टवाल्याच्या अंगाचा तिळपापड झाला. खातं शाळेत असताना काढलेलं, म्हणून बापाचं नाव त्यावर राहिलं होतं. फोन नंबरही बापाचाच. पण पैसे सगळे त्याच्या स्वतःच्या कमाईचे होते. उंच इमारतींच्या काळोख्या पोकळीत लोंबकळून लिफ्ट बसवायच्या, त्याचे पैसे. बापाच्या चष्म्याच्या दुकानात बसायला तो नाही म्हणाला तेव्हा बाप म्हणाला होता, "जा. चार दिवसांत रडत फोन करशील." त्यावर तो म्हणाला होता, "मेलो तरी करणार नाही." आई असती तर दोघांनाही गप्प बसवलं असतं. ती नव्हती, त्यामुळे बापलेकांचे शब्द तसेच राहिले. इथे आल्यावर त्याने नवा नंबर घेतला आणि तो घरी कळवला नाही. सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही म्हणतात, इथे तर सुंभही शाबूत होता.

पैसे मात्र तो रोज काढायचा. थोडे थोडे, चहा-जेवणापुरते. सोबतचा वेल्डर हसायचा. "अरे, दर खेपेला बँक तुझा खिसा कापते. एकदम का काढत नाहीस?" लिफ्टवाला म्हणायचा, खिसेकापूंची भीती वाटते. खरं कारण वेगळं होतं. दर वेळी बापाच्या फोनवर मेसेज जायचा: इतके काढले, अमुक शहरात काढले. घ्या, वाचा, जगतोय मी तुमच्यावाचून. हे रोज बापाच्या नाकावर टिच्चून सांगायला त्याला बरं वाटायचं. ताप भरला आणि तो आठवडाभर अंथरुणाला खिळला, तेवढाच काय तो खंड पडला होता.

आणि आता बापाने वार केला होता, तोही पाठीमागून. भरल्या खात्यासमोर लेकाला उपाशी उभं करून. आपला बाप इतका दुष्ट असेल असं त्याला कधी वाटलं नव्हतं. डोळ्यांत पाणी आलं, त्याचाही त्याला राग आला. गेली शपथ खड्ड्यात, म्हणत त्याने घरचा नंबर फिरवला.

पहिली रिंग पुरती वाजलीही नाही.

"हॅलो? कोण?"

"कार्ड तुम्ही बंद केलंत?"

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"बाबा, मी विचारतोय. माझे पैसे आहेत ते. तुम्हाला काय अधिकार?"

"आवाज असा का येतोय तुझा?" बाप म्हणाला. "बरं नाही का?"

"ते सोडा. कार्ड का बंद केलं ते सांगा."

"सांगतो." बापाने नाक ओढलं. "रोज मेसेज यायचा. तो आला की मी दुकान उघडायचो. आठवडा झाला, येईना. तुझा नंबर नाही माझ्याकडे. कंपनीत फोन लावला, तिथली बाई काय बोलते ते समजेना. कुणाला विचारू? मग म्हटलं, कार्डच बंद करून टाकू. जिवंत असेल, तर भांडायला तरी फोन करेल."