कोरा फळा

फळ्यावर गुलाबी चिठ्ठी चिकटवून टेस्टर मृण्मयी म्हणाली, “सर, टेस्टिंगला वेळ द्या.” दर पंधरवड्याला आमच्या टीमच्या ॲपच्या कामातल्या चुकांवर अशी मीटिंग व्हायची आणि ती दर वेळी हेच लिहायची.

“फार छान! चुकांतूनच आपण शिकतो,” म्हणत मॅनेजर देवस्थळी फळ्याचा फोटो काढायचे. या माणसाला फोटोंची भारी हौस. मग पिझ्झा यायचा. टेस्टिंगला वेळ काही मिळायचा नाही.

शेवटी ॲप ग्राहकासमोरच बंद पडलं. देवस्थळींनी मृण्मयीलाच टीममधून काढलं. “टेस्टिंग तिच्याकडे होतं ना!”

पुढच्या मीटिंगला फळ्यावर एकही चिठ्ठी नव्हती. “बघा,” ते खुशीत म्हणाले, “शिकत गेलं की तक्रारी आपोआप संपतात.” मग त्यांनी कोऱ्या फळ्याचा फोटो काढला.

आम्ही निर्लज्जांनी पिझ्झा उघडला.