गाव सोडू नका

बहात्तरच्या दुष्काळात आम्ही लासूर स्टेशनजवळच्या एका खेड्यात होतो. हे तिथं शाळामास्तर. सहा वर्षं अर्ज करकरून यांची औरंगाबादला बदली झाली होती, आणि दारात नळ असलेली खोलीही मी पाहून ठेवली होती.

निघायच्या आदल्या दिवशी शिक्षण खात्याचे साहेब गावात आले. लोक गाव सोडून चाललेत, त्यांना थांबवायला जरा बोला, अशी त्यांनी यांना गळ घातली. यांचा आवाज खणखणीत, पण लिहायचा भारी कंटाळा. म्हणून बांधलेल्या वळकटीवर बसून भाषण मीच लिहून दिलं. 'विहीर आटली म्हणून माती परकी होत नाही,' असंही एक वाक्य घातलं.

पारावर भाषण झालं आणि माणसं रडली. शेजारची सारजाबाई बैलगाडीतलं सामान उतरवत मला म्हणाली, "गुरुजी लई बोलले, माय. आता नाय जात आम्ही." मला बरं वाटलं.



संध्याकाळी हे डोळे पुसत घरी आले आणि म्हणाले, "अगं, काय ताकद होती त्या भाषणात! मी तिथंच साहेबांना लिहून दिलं, मला बदली नको."