डावीकडची खुर्ची

छापखान्यातल्या यंत्रांपायी नानांना ऐकू येईनासं झालं, तरी कानाचं मशीन त्यांनी काही घेतलं नाही. "तू आहेस की!" म्हणायचे. कुठंही गेलं की बायको त्यांच्या डावीकडे बसायची आणि लोकांचं बोलणं त्यांच्या कानात सांगायची. फक्त कुणी तिचं कौतुक करायला लागलं आणि नानांनी विचारलं, की म्हणायची, "काही नाही हो, नेहमीचंच."

तिच्या शोकसभेला हॉल भरून गेला. नानांच्या डावीकडची खुर्ची मात्र कुणी घेतली नव्हती. कुणाचं बाळंतपण तिनं केलं होतं, कुणाच्या अंथरुणाला खिळलेल्या आईला रोज भरवलं होतं. एकेक जण उठून सांगत होता. उजवीकडे लेक तोंडाला रुमाल लावून हुंदके देत होती. बायकोबद्दलचा एक शब्दही आज सुटू नये म्हणून नाना जिवाचा कान करून बसले होते. पण त्यांना नुसते हलणारे ओठ दिसत होते.

शेवटी ते सवयीनं डावीकडे झुकले. त्यांचा आवाज साऱ्या हॉलला ऐकू गेला.

 

"काय म्हणतायत गं सगळे?"