दहावी पेंढी

आमच्या गावात दर दहावी पेंढी चर्चच्या कोठारात जाते. वाटेत गाडीतून सांडेल ते धान्य मात्र गावातल्या म्हाताऱ्यांचं. त्यावरच त्यांचा हिवाळा निघतो.

यंदा चर्चचा नवा मुकादम ऑस्बर्ट शेतात येऊन अडून बसला. "हॅविसकाकू, नऊ पेंढ्या करकचून बांधता आणि दहावीच तेवढी सैल?"

"हात थकतात रे बाबा. नवापर्यंतच जोर पुरतो."

"सगळ्या पुन्हा आवळा. एक दाणा सांडता कामा नये."

"आवळते की. आधी मागं बघ, टोपल्या घेऊन कोण कोण उभं आहे."

ऑस्बर्टनं वळून पाहिलं. सगळ्यांत मोठी टोपली त्याच्या आईची होती.

तो खाकरला आणि गाडीवानाला म्हणाला, "हाक गाडी. आणि जरा खड्ड्याखड्ड्यांतून घे."