झापडं

कुंडलच्या रस्त्यावर ओढ्याचा पूल आला, की इमामच्या टांग्याचा घोडा थरथरत थांबायचा. आजही थांबला. “लय झाले नखरे. उद्या बाजारात इकतोच तुला,” म्हणत इमामनं चाबूक उगारला. प्राणिशास्त्राची पदवी घेऊन सांगलीहून परतलेली त्याची मुलगी फरीदा टांग्यातून उतरली. घोड्याचे कान पुलालगतच्या उसाकडे वळले होते. डोळ्यांना मात्र चामड्याची झापडं होती. “अब्बा, ह्याला कायतरी ऐकू येतंय, पण दिसत न्हाई. झापडं काढू?” “कालिजात घोड्याचा धडा होता व्हय?” “न्हवता. म्हणून तर बघायचंय.” तिनं झापडं सोडली. घोड्यानं मान वळवून पाहिलं. फरीदानंही पाहिलं. उसाच्या कडेला कोल्हीण उभी होती, पिलं शेपटीला झोंबत होती. घोड्याची थरथर थांबली. तो आपणहून निघाला. इमामनंच लगाम ओढला. “थांब की गड्या, पिलं बघू दे. उद्या बाजाराला थोडंच जायचंय?”